आयोवातलं लग्न, दोनच नावांची पत्रिका आणि घरी सासू-सासरे : मदत हवी आहे

गवतीचहा

नमस्कार मंडळी,

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी मैत्रिणीचं लग्न आहे. आयोवातल्या एम्स गावात शिकत असताना आम्ही दोन वर्षं एका घरात राहिलो. माझ्या हातच्या जळक्या पोळ्या तिने कौतुकाने खाल्ल्या आहेत, त्यामुळे न जाण्याचा प्रश्नच नाही. लग्न आयोवाच्या ईशान्य कोपऱ्यात, डेकोरा गावाजवळ, नवरदेवाच्या काकांच्या शेतावर आहे. दुपारी चारला झाडाखाली विधी, मग बार्नमध्ये, म्हणजे शेतावरच्या मोठ्या कोठारात, जेवण आणि नाच. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. शुक्रवारी निघून रविवारी रात्री परत यायलाच हवं, सोमवारी नवऱ्याला रजा नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. सासू-सासरे ऑक्टोबरपर्यंत इथे आहेत. पत्रिकेच्या पाकिटावर आमची दोघांचीच नावं आहेत आणि उत्तराच्या कार्डावर 'तुमच्यासाठी २ जागा' असं स्वच्छ लिहिलंय. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, लिहायचं म्हणून लिहितात. आपल्याकडे नाही का एका नावाची पत्रिका येते आणि अख्खं घर जातं?" सासरे काहीच बोलले नाहीत. पण संध्याकाळी बघते तर आयपॅडवर आयोवाचा नकाशा उघडलेला. सगळी नोकरी सांगली जिल्ह्यात शेतीखात्यात केलेला माणूस, इथे दीड महिना पार्किंग लॉट आणि पटेल ब्रदर्सचं देशी किराणा दुकान बघतोय. "मक्याचं राज्य ना हे?" एवढंच विचारलं त्यांनी. तेव्हापासून मला गिळवत नाहीये.

मैत्रिणीला विचारू का? ती नाही म्हणणार नाही, हीच तर पंचाईत आहे.

बाकीचे प्रश्न किरकोळ. कुठल्या विमानतळावर उतरावं? सासूबाई आणि मी शाकाहारी (अंडंसुद्धा नाही), कार्डावर बीफ नाहीतर चिकन एवढंच आहे. गवतावर नऊवारी नाही, पण सहावारी तरी निभेल का? आणि नवऱ्याच्या ऑफिसात कोणीतरी गोचिडींची भीती घालून ठेवली आहे, ती कितपत खरी? अमेरिकेत नऊ वर्षं झाली, पण शेतातलं लग्न पहिलंच.

डीमॉइनकर

विचारू नका. तिला नाही म्हणता येणार नाही, हे तुम्हीच लिहिलंय. त्यातच उत्तर आलं.

इथे केटररला माणशी पैसे द्यावे लागतात, आकडा आधी कळवावा लागतो आणि बहुतेक लग्नांत कुणी कुठल्या टेबलावर बसायचं हेही ठरलेलं असतं. आपल्याकडे पंगतीत दोन पानं वाढली तर आचारी आमटीत तांब्याभर पाणी ओततो. इथे तशी सोय नाही.

पण सासू-सासऱ्यांना न्याच. डेकोराला न्या, लग्नाला नको. फरक नीट समजावून सांगा, म्हणजे गावात पोचल्यावर रुसवे होणार नाहीत.

आयोवा म्हणजे सपाट मका, हे डोक्यातून काढा. डेकोरा ड्रिफ्टलेस पट्ट्यात येतं. शेवटच्या हिमयुगातल्या हिमनद्यांनी हा भाग सोडून दिला, म्हणून टेकड्या, चुनखडीचे कडे आणि दऱ्यांतून वाहणारी अप्पर आयोवा नदी टिकली. गावातच डनिंग्ज स्प्रिंगचा छोटा धबधबा आहे. गाव मूळचं नॉर्वेहून आलेल्या लोकांचं, त्यांचं वेस्टरहाइम हे संग्रहालयही तिथेच आहे. आणि तुमच्या सासऱ्यांसाठी गावाच्या उत्तरेला सीड सेव्हर्स एक्स्चेंजचं शेत. १९७५ पासून ही संस्था जुन्या देशी वाणांचं बी जपते आणि लोकांत वाटते. आपल्याकडे राहीबाई पोपेरे करतात, त्याच जातीचं काम. सफरचंदांच्या जुन्या जातींची बागही आहे. माझे वडील तिथे एका टोमॅटोच्या वाफ्याजवळ इतका वेळ बसले की आई गाडीत झोपून गेली.

विमानाचं म्हणाल तर मिनियापोलिस. नेवार्कहून थेट विमान मिळतं, पुढे पावणेतीन तास गाडी. ला क्रॉस किंवा रॉचेस्टर नकाशावर जवळ दिसतात, तिथून तास-दीड तासच आहे, पण विमान बदलावं लागतं आणि शुक्रवारी शिकागोत वादळ आलं की संपलं. मिनियापोलिसहून ५२ नंबरचा रस्ता थेट डेकोरात जातो. वाटेत हार्मनी गावाच्या आसपास आमिश लोकांच्या (धर्मश्रद्धेमुळे मोटारी न वापरणारा ख्रिस्ती पंथ) घोडागाड्या लागतील, मागून हॉर्न मारू नका. गाडी विमानतळावरच भाड्याने घ्या, त्या भागात उबर मिळेल असं धरून चालू नका. दरीत फोनची रेंज जाते, नकाशा आधीच उतरवून ठेवा. सूर्य पावणेनऊला मावळतो आणि नेमकी तेव्हाच हरणं रस्त्यावर येतात. बार्नमधून परतताना खडीच्या रस्त्यावर हळू.

आणि तारखेबाबत तुमचं नशीब चांगलं. जुलैअखेर असती तर गावात नॉर्डिक फेस्ट आणि राज्यात रॅगब्राय, म्हणजे १९७३ पासून चालत आलेली आठवडाभराची सायकलवारी. खोलीसाठी वणवण झाली असती. तरी वधूवरांनी हॉटेलात खोल्या राखून ठेवल्या असतील, त्याची मुदत आजच बघा.

रमाक्का

मी विस्कॉन्सिनात तीस वर्षं आहे गं. एवढं कडक कोणी नसतं. आमच्या शेजारणीच्या लेकीच्या लग्नात मी सरळ विचारलं होतं, माझ्या आईला छान पुढे बसवलं त्यांनी. गावाकडची माणसं आहेत, मनाने मोठी असतात.

डीमॉइनकर

अक्का, शेजारीण गावातली, फोनवर रोज बोलणारी. इथे पाहुणी विमानाने येणार आहे. मनाने मोठी असतात, म्हणूनच त्यांना कात्रीत धरू नये.

शेवगा

जेवणाचं मात्र आधी सांगा, त्यात संकोच नको. कार्डावर जागा असेल तिथे 'मांस, मासे, अंडं चालत नाही' असं लिहा. नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहिलंत तर प्रेमाने केलेलं काहीतरी समोर येईल आणि त्यात चिकनच्या रशात शिजवलेला भात असेल. फरसबीत बेकन (डुकराचं मांस) घालतात, बेक्ड बीन्समध्येही बहुधा असतं. रंगीबेरंगी थरथरणारं जेलो सॅलड दिसेल. ते 'सॅलड' या नावाला भुलू नका, जिलेटिन हाडा-कातड्यापासून बनतं. मार्शमेलोतही तेच. केकमध्ये अंडं धरूनच चाला. मक्याचं कणीस आणि लोणी मिळालं तर तुमची चंगळ आहे. पर्समध्ये चिवडा ठेवाच.

सासऱ्यांना एक गंमत सांगा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोन्मैल दिसणारा मका माणसांच्या ताटातला नाही, त्याची रवानगी जनावरांच्या खाद्यात आणि इथेनॉलमध्ये. ताटातला गोड मका वेगळा, तो जुलैच्या मध्याला ट्रकच्या मागे ठेवून डझनावर विकतात. चार जुलैला मका गुडघाभर व्हावा अशी इथली जुनी म्हण आहे. आता त्या तारखेला तो बहुतेक कमरेच्या वर गेलेला असतो. आणि एवढा मका पानांतून पाणी सोडतो की दमट हवेत भरच पडते. स्थानिक लोक त्याला मक्याचा घामच म्हणतात. थर्मामीटर तीसच्या आत दाखवेल, तुम्हाला मात्र चिपळूणचा मे महिना आठवेल. तेव्हा रेशमी साडी नको.

साडी सुती किंवा शिफॉनची, पांढरी नको, क्रीमसुद्धा नको. टाचांच्या चपला गवतात रुततात. निऱ्या चार बोटं वर खोचा, कारण गोचीड उंच गवताच्या टोकावरच वाट पाहत असते. भीती खरी आहे, पण उपाय सोपा आहे. पायांना डीट या कीटक पळवणाऱ्या औषधाचा फवारा मारा आणि रात्री आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या मुळाशी बघा. चोवीस तासांच्या आत काढली तर गोचिडीतून होणाऱ्या लाइम आजाराचा धोका खूप कमी होतो. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. पिळायची नाही, जाळायची नाही.

गवतीचहा

सगळ्यांचे आभार. अक्का, तुमचं वाचून मोह झाला होता, पण विचारणार नाही.

काल रात्री सासूबाईंशी बोलले. "मग आम्ही काय हॉटेलात बसायचं?" हा प्रश्न अपेक्षित होताच. उत्तर सासऱ्यांनी दिलं, "तू बस, मी बी बघायला जातो." त्यांनी त्या शेताची वेबसाइट पूर्ण वाचून काढली आहे आणि गवारीचं बी तिथे नसेल तर आपण द्यावं का, असा त्यांचा नवा विचार आहे. (विमानतळावर बी नेण्याबद्दल वेगळा धागा काढेन.) शनिवारी सकाळी चौघंही तिकडे जाऊ, दुपारी त्यांना खोलीवर सोडून आम्ही लग्नाला. रविवारी निघण्याआधी जवळचं स्पिलव्हिल गाव. १८९३ च्या उन्हाळ्यात संगीतकार द्वोर्झाक तिथे राहिला होता आणि त्या घरात आता कोरीव लाकडी घड्याळांचं संग्रहालय आहे. सासूबाईंना घड्याळांचं वेड, म्हणजे तीही बाजू सांभाळली गेली.

आता फक्त आहेर राहिला. वधूवरांनी दिलेल्या भेटींच्या यादीतल्या स्वस्त वस्तू संपल्या, उरलेत ते भलं मोठं ग्रिल आणि तंबू. म्हणून चेक देणार. मी शंभर म्हणते, सासूबाई म्हणतात वर एक हवाच, शून्यावर शुभकार्य संपवत नाहीत. १०१ डॉलरचा चेक बघून ती माणसं हसतील का?

रमाक्का

१०१ च दे. सोबत चिठ्ठीत एकाचा अर्थ लिही आणि खाली सासूबाईंची सही घे. पत्रिकेत नसली तरी पाकिटात तरी येईल ती.