पोटाच्या रेडिएशनला उलटीची गोळी नेमकी कधी द्यायची?

तासगावची_सून
सासूबाईंचं अर्धं जठर ऑपरेशनमध्ये काढलंय. वय ६२, शुगर आहे. आता मिरजेत रेडिएशनचे २५ शेक सांगितलेत, त्यातले ५ झाले. सोबत केपसायटाबिनच्या (केमोच्या) गोळ्या दोन वेळा. उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन ८ मिग्रॅ 'सकाळी १' लिहिलंय, ती सातला चहाबरोबर देतो. मशीनवर नंबर दोन-अडीचला लागतो आणि परतताना कवलापूरच्या आसपास उलटी होतेच. घरचे म्हणतात गाडी लागते. गॅसची पॅन्टोप्राझोल-डॉम्पेरिडोनची कॅप्सूल आधीपासून चालू आहे. आणखी काय करता येईल?

कृष्णाकाठ
गाडी लागत असती तर जातानाही लागली असती. ही उलटी शेकाची आहे. पोटाच्या वरच्या भागावर किरणं पडली की लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सेरोटोनिन सोडतात. ते आतड्यातल्या मज्जातंतूला डिवचतं आणि तिथून मेंदूच्या उलटीच्या केंद्राला निरोप जातो. शेकानंतर तास-दोन तासांत मळमळ सुरू होते ती यामुळे, म्हणजे नेमकी तुमची परतीची वेळ. ऑन्डान्सेट्रॉन हा निरोपच अडवतं, पण त्यासाठी शेकाच्या वेळी ते रक्तात पुरेसं हवं. या वयात चार-पाच तासांत त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. सातची गोळी अडीचपर्यंत बरीच ओसरलेली असते.

म्हणून गोळी चहाच्या वेळेला बांधू नका, मशीनच्या वेळेला बांधा. शेकाच्या साधारण तासभर आधी. उद्याच डॉक्टरांकडून कागदावर तसं लिहून घ्या, 'सकाळी १' खोडून. नंबर पुढे सरकला म्हणून मनाने दुसरी गोळी देऊ नका. आणि उलटी थांबली म्हणून बंदही करू नका. वरच्या पोटाच्या शेकाला ती रोज, प्रत्येक शेकाआधी लागते. स्तनाच्या किंवा हातापायाच्या शेकाला सहसा लागत नाही, तेव्हा शेजारच्या बाकावरच्या पेशंटशी तुलना नको.

त्या कॅप्सूलवर भिस्त ठेवू नका. डॉम्पेरिडोन वेगळ्या जागी काम करतं, या उलटीला ते तोकडं पडतं. शिवाय डॉम्पेरिडोन आणि ऑन्डान्सेट्रॉन दोन्हींनी हृदयाचे ठोके बिघडू शकतात, विशेषतः उलट्यांनी पोटॅशियम उतरलं असेल तर. दोन्ही चालू आहेत हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ईसीजी काढायचा का तेही विचारा.

माहुली_संगम
वेळ बदलूनही थांबलं नाही तर डेक्सामेथासोन या स्टेरॉइडबद्दल विचारा. पहिल्या ५ शेकांना दिवसाला ४ मिग्रॅ जोड देण्याची पद्धत आहे, गरजेनुसार डॉक्टर पुढेही देतात. पण शुगर आहे ना, त्याने ती हमखास चढते. सकाळी नाश्त्यानंतरच द्यावं, रात्री दिलं तर झोप उडते. घरी ग्लुकोमीटर हवाच.

ऑन्डान्सेट्रॉनने बद्धकोष्ठ होतं. तीन दिवस पोट साफ नसेल तर त्यानेच मळमळ वाढते आणि लोक गोळीला दोष देतात.

हरिपूर_घाट
खाण्याचं बघा. अर्धं जठर नसलेल्या माणसाला गोड सरबत किंवा ग्लुकोजचं पाणी घटाघटा पाजलं तर ते थेट आतड्यात उतरतं. पंधरा ते तीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात कळ, मळमळ. याला डंपिंग म्हणतात, ते शेकाच्या उलटीपासून वेगळं ओळखायला हवं. ओळख सोपी आहे: खाल्ल्यावर अर्ध्या तासात झालं तर खाण्यामुळे, शेकानंतर तासा-दोन तासांनी झालं तर शेकामुळे. दोन दिवस वहीत वेळा लिहा, डॉक्टरांना ती वही गोळ्यांच्या यादीपेक्षा जास्त सांगेल.

दिवसातून सहा-सात वेळा, वाटीभरच. मऊ भात आणि मुगाचं वरण, पातळ आंबील, इडली, उकडलेलं अंडं. पाणी जेवणाबरोबर नको, अर्ध्या तासाने घोट-घोट. फोडणीचा वास सहन होत नसेल तर अन्न कोमट करून द्या, वाफेबरोबर वास उठतो. शेकाआधी किती वेळ उपाशी ठेवायचं ते मशीनच्या टेक्निशियनला विचारा. जठराच्या शेकाला काही ठिकाणी २-३ तास पोट रिकामं ठेवायला लावतात, कारण भरल्या पोटी अवयव सरकतात आणि प्लॅनिंगच्या स्कॅनशी जुळत नाहीत. तिथे गोळी घोटभर पाण्याबरोबर चालेल का, तेही विचारून घ्या. जिभेवर विरघळणारी मिळते.

आपल्याकडे कुणीतरी हळदीच्या कॅप्सूल आणून देतंच. भाजीतली हळद चालू द्या, कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

तासगावची_सून
वेळ बदलून घेते. केपसायटाबिन उलटीत पडलं तर परत द्यायचं का? आणि फोन कधी करायचा?

कृष्णाकाठ
केपसायटाबिन परत द्यायचं नाही. पुढचा डोस ठरल्या वेळी, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत. ऑन्डान्सेट्रॉन अर्ध्या तासाच्या आत पडलं तर विभागात फोन करून विचारा.

दिवसभर पाणीही टिकत नसेल, आठ तास लघवी नसेल, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळं दिसलं, पोट फुगून वारा सरत नसेल, गुंगी येत असेल किंवा जुलाब सुरू झाले तर रात्र असली तरी फोन करा. जुलाबात केपसायटाबिनचा पुढचा डोस विचारल्याशिवाय देऊ नका. खाणं घटलेल्या दिवशी शुगरची औषधं नेहमीच्या मापात द्यायची का, हेही आधीच ठरवून ठेवा, नाहीतर साखर एकदम खाली येते. ओआरएसची मोठी पुडी १ लिटर पाण्यात, २४ तासांत संपवायची, दर पाच मिनिटांना दोन चमचे. शुगर आहे म्हणून ओआरएस टाळू नका, फक्त साखर मोजत राहा.

उलटीमुळे शेक मात्र स्वतःहून चुकवू नका. मध्ये खंड पडला की उपचाराचा जोर कमी होतो. आठवड्याला एकाच काट्यावर वजन घ्या आणि तपासणीच्या दिवशी तो आकडा सांगा. वजन उतरलं तर अंगावरच्या खुणा सरकतात, प्लॅन पुन्हा तपासावा लागू शकतो.