सगळाच दाह शत्रू नाही

या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय की दाहामुळेच (म्हणजे शरीरातली सूज, इन्फ्लमेशन) मूळपेशी (नव्या पेशी घडवणाऱ्या स्टेम सेल) म्हाताऱ्या होतात, तेव्हा गोळ्या घेऊन तो दाबून टाकावा. इतकं सरळ नाहीये हो ते.

स्नायूचंच बघा. इजा झाली की आधी दाहकारक मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) धावत येतात आणि टीएनएफ नावाचं दाहाचा संदेश देणारं प्रथिन सोडतात. स्नायूत एफएपी नावाच्या पेशी असतात. त्या मूळपेशींना दुरुस्तीत मदत करतात, पण काम झाल्यावर मरायला हव्यात, नाहीतर कोलॅजन (चिवट तंतूंचं प्रथिन) विणत बसतात. त्यांना मारतो कोण, तर हाच टीएनएफ! (2015 सालचं उंदरांवरचं काम.) म्हणजे सुरुवातीचा दाह फायब्रोसिस, म्हणजे असे तंतू साचणं, रोखतो. दाह रेंगाळला की मात्र टीजीएफ-बीटा हे तंतू वाढवणारं प्रथिन चढतं, एफएपी मरेनाशा होतात आणि स्नायूच्या जागी चिवट तंतू साचतात. ड्युशेन स्नायुक्षय या आनुवंशिक आजारात साधारण हेच दिसतं.

मूळपेशींचं म्हणाल, तर दोष बराचसा शेजारपाजारचा. स्टॅनफर्डच्या थॉमस रँडोंच्या गटाने 2005 मध्ये म्हाताऱ्या आणि तरुण उंदरांचं रक्ताभिसरण जोडलं, तर म्हाताऱ्यांचे स्नायू पुन्हा बरे भरून येऊ लागले. 2007 मध्ये त्याच गटाला दिसलं की म्हाताऱ्या रक्तामुळे विंट संदेश (पेशीने काय बनायचं हे ठरवणारा एक संकेत) वाढतो आणि मूळपेशी स्नायू सोडून तंतुपेशींच्या वाटेला लागतात.

म्हणून औषध दाहावर नको, दाह पेटता ठेवणाऱ्या कारणावर हवं. हेपॅटायटिस सीचा विषाणू गेल्यावर अनेकांच्या यकृतातला फायब्रोसिस मागे हटतो. हळदीचं दूध प्या खुशाल, पण त्याच्याकडून ही अपेक्षा नको.