सेकंड शिफ्टला गाडी कंपनीच्या भिंतीबाहेर लावावी लागते, सुरक्षित कशी ठेवू?

शिरोली_सेकंडशिफ्ट

नमस्कार मंडळी. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत फेटलिंगला (ओतलेल्या भागांच्या कडा घासून साफ करायच्या कामाला) आहे, कॉन्ट्रॅक्टवर. शिफ्ट दुपारी चारला लागते, रात्री बाराला सुटते. राहायला पेठ वडगावच्या अलीकडे. बारा वाजता त्या बाजूला ना एसटी, ना वडापची जीप. गाडी नसेल तर रात्र कंपनीच्या गेटवरच काढायची. सकाळी त्याच गाडीला किटली अडकवून डेअरीत दूध घालायचं असतं, म्हणजे गाडी गेली तर दोन्हीकडची मिळकत अडते.

गाडी स्प्लेंडर प्लस, २०२१ च्या दिवाळीत घेतलेली. गेल्या वर्षी हप्ते फिटले.

कंपनीच्या आत फक्त स्टाफच्या गाड्या. आम्ही कॉन्ट्रॅक्टवाले चाळीसएक जण बाहेर, कंपाउंडच्या भिंतीला लागून लावतो. समोर चहाची टपरी आहे, पण ती नऊला बंद होते. नऊ ते बारा त्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं.

पंधरा दिवसांपूर्वी आमच्याच खात्यातल्या पोराची गाडी गेली. पावसाची मोठी सर आलेली, त्यात लाइट गेली होती. बाराला बाहेर आलो तर माझ्या गाडीशेजारी त्याच्या साइड स्टँडचं भोक तेवढं चिखलात राहिलेलं, पाण्यानं भरलेलं. टायरचा माग डांबरापर्यंत सरळ गेलेला, म्हणजे चालू न करता ढकलत नेली असणार. हँडल लॉक केलं होतं असं तो शपथेवर सांगतो. त्याचे अजून अकरा हप्ते राहिलेत. विम्याचे पैसे मिळणार नाहीत असं त्याला सांगितलं गेलंय, का ते त्याला नीट कळलेलं नाही.

आता माझे प्रश्न. कुलूप कुठलं घेऊ? गुलमोहराखाली लावतो ते बरोबर आहे का, कारण तिथेच सावली आहे? जमीन मुरमाची आहे, पावसात स्टँड रुततो. जूनमध्ये एकदा गाडी आडवी होऊन क्लचचा लिव्हर मोडला. जुन्या गाड्यांचं पेट्रोलही काढून नेतात. आणि भिंतीच्या वर आमच्याच खात्याचा एक्झॉस्ट आहे, लोखंडाची बारीक धूळ सीटवर, टाकीवर बसते. भिजली की दोन दिवसांत तांबडे ठिपके. कापडानं पुसतो, तरी जात नाहीत.

कंपनीला काय आणि कसं सांगावं, हेही कुणी सांगितलं तर उपकार होतील. कॉन्ट्रॅक्टवाल्यानं तोंड उघडलं की दुसऱ्या दिवशी गेटपास बंद, ही भीती सगळ्यांना आहे.

चाकण_नाईट

भावा, अलार्मवाला डिस्क लॉक घे. मी तीन वर्षं वापरतोय, कुणी गाडी नुसती हलवली तरी ओरडतो. सोबत जीपीएस ट्रॅकर सीटखाली बसव. गाडी आठ-दहा दिवस उभी राहणार असेल तर मात्र तो बॅटरी उतरवतो, तेवढं लक्षात ठेव.

गॅरेज_इचलकरंजी

चाकणच्या दादांचा सल्ला त्यांच्या गाडीला बरोबर आहे, पण २०२१ च्या स्प्लेंडर प्लसला पुढे-मागे दोन्हीकडे ड्रम ब्रेक आहेत. डिस्कच नाही तर डिस्क लॉक लावणार कशाला? तुला चेन लागेल.

आधी त्या पोराच्या गाडीचं. माग सरळ होता म्हणतोस, म्हणजे हँडल लॉक आधी तोडलं होतं. लॉक लागलं असेल तर चाक वाकडं राहतं, गाडी गोल फिरते, सरळ जात नाही. आतला दांडा बोटाएवढा असतो. हँडलवर पाय देऊन जोरात झटका दिला की तुटतो, अर्ध्या मिनिटाचं काम. माझ्याकडे अशा गाड्या आल्यात, लॉक तुटलेलं आणि मालकाला पत्ताच नाही. म्हणून लॉक केल्यावर हँडल दोन्हीकडे हलवून बघत जा, रोज. ढिलं लागलं तर आधीच कुणीतरी प्रयत्न करून गेलंय असं समज.

दुसरं, गाडी चालू ठेव आणि किल्ली उपसून बघ. निघाली तर लॉक झिजलंय, दुसऱ्या कुठल्याही घासलेल्या किल्लीनं चालू होईल. लॉक सेटच बदलून टाक.

चेन जाड घे, वरून कापडाचं किंवा प्लॅस्टिकचं वेष्टण असलेली, नाहीतर रंग जाईल. मागच्या अलॉयमधून आणि चिमट्यातून (मागचं चाक धरतो तो दांडा) काढ, आणि तीच चेन कशाला तरी बांध, खांबाला किंवा भिंतीतल्या कडीला. फक्त चाकाला बांधलीस तर दोघं जण गाडी उचलून छोट्या हत्तीत टाकतात, स्प्लेंडरला वजन किती असतंय? आणि चेन जमिनीवर लोळत ठेवू नको. जमिनीला टेकली की हातोड्याला ऐरण मिळते. चाकाच्या मध्यावर, ताणून, कुलपाचं तोंड खाली. पावसाचं पाणी आत गेलं की कुलूप धरतं, महिन्यातून एकदा दोन थेंब तेल सोड.

चोर स्विच, म्हणजे गाडी चालू होऊ न देणारं लपवलेलं बटण, बसवतो म्हणून कुणी मागे लागेल. जुन्या गाडीला ठीक होतं. तुझी बीएस ६, इंजेक्शनवाली. वायर कुठेही तोडून जोडली तर पुढे सेन्सरचा त्रास होतो. बसवायचाच असेल तर वायरिंग येणाऱ्या माणसाकडूनच बसव.

पेट्रोलची काळजी तुला कमी. कॉकची पाइप ओढून पेट्रोल काढतात ते कार्ब्युरेटरच्या गाडीतून. तुझ्या गाडीला कॉकच नाही, पंप टाकीच्या आत असतो.

गुलमोहराखालून मात्र आजच गाडी काढ. त्याचं लाकूड ठिसूळ, वाऱ्यापावसात फांदी सरळ खाली येते. सावलीपेक्षा उजेड बघ, दिव्याच्या खांबाजवळ लाव. साइड स्टँडखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेव, हाताच्या पंजाएवढा पुरतो. डब्यात ठेवून दे. मी गिऱ्हाइकांना फुकट देतो, पडीक असतात. जागा घट्ट असेल तिथं डबल स्टँड. उतार असेल तर तोंड चढाकडे आणि पहिल्या गिअरमध्ये.

धूळ कोरडी पुसतोस तिथंच चुकतंय. ती लोखंडाची आहे, कापडानं पुसलीस की पॉलिश पेपर मारल्यासारखी घासते, आणि त्या ओरखड्यात गंज बसतो. आधी पाणी सोड, मग साबण, मग पूस, मग वॅक्स. कव्हर टाकणार असशील तर सायलेन्सर गार झाल्यावर टाक, नाहीतर चिकटतं.

शिरोली_सेकंडशिफ्ट

काका, किल्ली उपसून बघितली, माझी नाही निघाली. पण काल जेवणाच्या सुट्टीत आम्ही आठ गाड्या तपासल्या, त्यातल्या तीन निघाल्या. एका गाडीचं हँडल लॉक लागलेलं असूनही गोल फिरत होतं. मालक मटकन खाली बसला.

क्लेमचं_काम_सांगली

मी विम्याच्या क्लेमचंच काम करते, म्हणून तुमच्या मित्राचं ऐकून वाईट वाटलं. त्याचं काय झालं असणार ते सांगते, कारण हे फार लोकांचं होतं.

सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा, सक्तीचा झाला. शोरूममध्ये त्याच्यासोबत एकच वर्षाचा ओन डॅमेज, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीचा विमा, देतात. कागदावर मोठ्या अक्षरात पाच वर्षांची तारीख दिसते, माणूस निर्धास्त होतो. वर्षानं ओन डॅमेज संपतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. पोलिसांनी अडवलं तरी विमा चालू दिसतो, कारण कायद्याला थर्ड पार्टी पुरतो. पण चोरी थर्ड पार्टीत बसत नाही. ती ओन डॅमेजमध्येच.

दादा, तुमची गाडी २०२१ च्या दिवाळीतली, म्हणजे थर्ड पार्टी २०२६ पर्यंत आहे. आज घरी गेल्यावर पॉलिसी काढा आणि ओन डॅमेजच्या रकान्यातली तारीख बघा. २०२२ असेल तर तुम्हीही उघड्यावर आहात. नुसता ओन डॅमेज वेगळा घेता येतो. मध्ये खंड पडलाय म्हणून गाडीची तपासणी करतील, फोटो मागतील. आयडीव्हीही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, बघा. तीन ते चार वर्षांच्या गाडीला किमतीतून ४० टक्के घसारा कापतात, चार ते पाचला ५०. चोरी झाली तर तेवढ्याच रकमेच्या आत मिळतं.

गाडी गेलीच तर त्याच रात्री ११२ ला फोन आणि पोलीस ठाण्यात एफआयआर. नुसता अर्ज देऊन पोच घेऊन येऊ नका, एफआयआरची प्रत घ्या. विमा कंपनीलाही लगेच कळवा. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलंय की एफआयआर लगेच केलेला असेल तर निव्वळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून चोरीचा क्लेम नाकारता येत नाही. तरी भांडायची वेळ येऊ नये.

आणि दोन्ही किल्ल्या! क्लेमला दोन्ही मागतात. दुसरी हरवली असेल तर आत्ताच त्याची नोंद करून ठेवा. तपास लागला नाही की पोलीस कोर्टात ‘अ’ समरी पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण चोर सापडला नाही. तो कागद आल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, आणि त्याला महिने लागतात.

गेटवर_अठरा_वर्षं

मी फौजेतून आल्यावर अठरा वर्षं कंपन्यांच्या गेटवर काढली, शेवटी सुपरवायझर होतो. कंपनीशी बोलायचं कसं, ते मी सांगतो.

एकट्यानं जाऊ नका आणि ‘चोरी झाली, भरपाई द्या’ असं सुरुवातीलाच म्हणू नका. पाच-सहा जणांनी लेखी अर्ज करा, चाळीस जणांच्या सह्या घ्या, त्यात कायम कामगार असतील तर त्यांची सही सगळ्यात वर. मागणी एकच ठेवा: सेकंड आणि थर्ड शिफ्टच्या गाड्या आत घ्या. चार वाजता स्टाफच्या गाड्या अजून आत असतात, पण सहानंतर ती जागा मोकळी पडते. सव्वासहाला दहा मिनिटं सोडलं तर बाहेरच्या गाड्या आत येतात, कंपनीचा एक रुपया खर्च नाही.

एमआयडीसीत प्लॉटच्या आत पार्किंगची जागा सोडावी लागते, मंजूर नकाशात ती दाखवलेली असते. बहुतेक ठिकाणी त्या चौकोनात स्क्रॅप रचलेलं असतं. तुमच्याकडे काय पडलंय ते बघून ठेवा. अर्जात नकाशाचं नाव काढू नका, फक्त ‘अमुक ठिकाणची जागा मोकळी केल्यास’ एवढंच लिहा. वाचणाऱ्याला बरोबर कळतं. सेफ्टी कमिटी असेल तर विषय तिथेही जाऊ द्या, रात्री बाराला अंधारात हायवेच्या बाजूला चाळीस माणसं गाड्या काढतात हा सुरक्षेचाच विषय आहे.

गाडी आत गेली की गेटवर नंबरची नोंद किंवा टोकन मागा. बाहेर जाताना टोकन परत दिल्याशिवाय गाडी सुटता कामा नये. ‘पार्किंग स्वतःच्या जबाबदारीवर’ असा बोर्ड लावतील, लावू द्या. टोकन असलं की वॉचमन प्रत्येक गाडीकडे बघतो, टोकन नसलं की कुणाकडेच बघत नाही. हे मी गेटवर उभं राहून बघितलेलं आहे.

शिरोली_सेकंडशिफ्ट

वीस दिवसांनी लिहितोय, उशीर झाला. ताई, पॉलिसी काढली. ओन डॅमेज नोव्हेंबर २०२२ लाच संपलेला. तीन वर्षं तसाच फिरत होतो. दुसऱ्या दिवशीच घेतला, फोटो पाठवले, मंजूर झाला. आमच्या खात्यातल्या चौदा जणांचे कागद बघितले, अकरा जणांचं हेच.

अर्ज दिला. छत्तीस सह्या झाल्या, वर दोन कायम मोल्डरच्या. कॅन्टीनमागे मोडके मोल्डिंग बॉक्स रचलेले होते, तीच जागा आम्ही लिहिली. प्लँट हेडनी बोलावून घेतलं, नीट ऐकून घेतलं. बॉक्स आम्हीच रविवारी क्रेन लावून हलवले, त्याचा ओव्हरटाइमही दिला. आता सहा वाजता गाड्या आत येतात, पत्र्याचं टोकन मिळतं. वेल्डरनं भिंतीला सात कड्या मारून दिल्यात, त्यातल्या एकीला माझी चेन. थर्ड शिफ्टचा निर्णय मात्र अजून नाही, त्यांच्या गाड्या रात्रभर बाहेरच.

फरशीचा तुकडा डब्यात आहे. गेटवरचे काका, टोकनचं तुम्ही बोललात ते अगदी तसंच झालं. वॉचमन परवा मला म्हणाला, तुझ्या गाडीचा इंडिकेटर चालू राहिलाय.

ताई, एकच राहिलं. तो पोरगा अजून माझ्या मागं बसून येतो. विमा तर नाहीच, मग त्यानं आता काही करायचं राहिलंय का?

क्लेमचं_काम_सांगली

हो, राहिलंय. एफआयआरची प्रत जोडून आरटीओला गाडी चोरीला गेल्याचं लेखी कळवायचं आणि पोच घ्यायची. ज्या बँकेचं कर्ज आहे तिलाही तसंच. उद्या त्या गाडीनं अपघात केला तर आरसीवर नाव त्याचं आहे. आणि नंबर टाकून ई-चलान अधूनमधून बघायला सांगा. चोरानं कुठे सिग्नल मोडला तर जागा आणि वेळ त्यात येते, ती तपासी अंमलदाराला नेऊन द्यायची. हप्ते मात्र थांबवू नका म्हणावं, पुढे घराला कर्ज लागेल तेव्हा ते आडवं येतं.