फोन चार्ज होतो, पण कॉम्प्युटरला दिसत नाही: नुसत्या चार्जिंगच्या केबलवर तसं छापणं सक्तीचं करा

लालबागकर
आईचा फोन गच्च भरला. १२८ जीबीतले जेमतेम २ उरले, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटोही उतरेना. म्हणून रविवारी सगळं कॉम्प्युटरवर घ्यायला बसलो. केबल लावली, चार्जिंग सुरू झालं, पण कॉम्प्युटरवर फोनचा पत्ताच नाही. स्टेशनबाहेरच्या दुकानात नेला, तर त्याने फोन न उघडताच सांगितलं, "चार्जिंग बोर्ड गेलाय, १,८०० होतील." आई पर्स उघडत होती, मी तिला तशीच घरी आणली. शेजारणीकडून तिच्या फोनच्या खोक्यातली केबल मागून घेतली आणि मिनिटभरात फोन दिसायला लागला!

मग जुनी केबल ब्लेडने सोलली. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, लाल-काळी विजेची आणि हिरवी-पांढरी डेटाची. आमच्या केबलमध्ये लाल आणि काळी, एवढ्याच. लोकलमध्ये शंभर रुपयांना घेतलेली. बाहेरून कुणालाही फरक कळणार नाही. दोन तारांची केबल विका, माझी हरकत नाही, पण 'फक्त चार्जिंग' असं पाकिटावर छापा. डाळीच्या पुड्यावर वजन छापावंच लागतं, मग इथे का नको?

दादरची_सिस्टिमवाली
पटलं नाही. तुमच्या बाबतीत केबल निघाली, ठीक. पण ऑफिसात माझ्याकडे "फोन दिसत नाही" म्हणून येणाऱ्यांपैकी बहुतेकांची केबल चांगली असते. अँड्रॉइड फोन जोडला की आपणहून फक्त चार्जिंगवर राहतो. फोन अनलॉक करून वरची पट्टी खाली ओढायची, यूएसबीच्या सूचनेवर टॅप करायचं आणि 'फाइल ट्रान्सफर' निवडायचं. आयफोनवर 'ट्रस्ट' दाबून पासकोड द्यावा लागतो. मॅक तर अँड्रॉइडच्या फाइली वेगळ्या सॉफ्टवेअरशिवाय दाखवतच नाही. पाकिटावर काहीही छापा, यातलं काय सुटणार?

परळचा_जुना
ताई, मग दर वेळी विचारायचंच कशाला? पूर्वी फोन लावला की पेन ड्राइव्हसारखा उघडायचा. माझे वडील ७४ वर्षांचे आहेत, ती सूचना दिसेपर्यंत स्क्रीन बंद होते. घरच्या कॉम्प्युटरला एकदा ओळखलं की पुन्हा विचारू नये.

दादरची_सिस्टिमवाली
नाही, विचारलंच पाहिजे. आपण स्टेशनवर, विमानतळावर, दिसेल त्या पोर्टला फोन लावतो. अशा पोर्टमधून डेटा चोरीला जाऊ शकतो, हे रिझर्व्ह बँकेनेही २०२२ च्या फसवणुकीवरच्या पुस्तिकेत सांगितलंय. त्याच फोनमध्ये तुमचं यूपीआय आहे. आणि पेन ड्राइव्हसारखं उघडायचं तेव्हा ते स्टोरेज पूर्ण कॉम्प्युटरच्या ताब्यात जायचं, तेवढा वेळ फोनला ते वापरता येत नसे. म्हणूनच ती पद्धत मागे पडून एमटीपी आलं, म्हणजे स्टोरेज फोनकडेच राहतं आणि कॉम्प्युटर त्याच्याकडून फाइली मागून घेतो. वडिलांसाठी स्क्रीन बंद व्हायची वेळ १० मिनिटांवर ठेवा.

भायखळा_रिपेअर
अकरा वर्षं टेबलावर बसतोय, म्हणून सांगतो. केबल बदलण्याआधी पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. खिशातला कापसासारखा धागा आत दबून दबून राखाडी थर होतो. प्लग केसभर बाहेर राहतो, चार्जिंग कसंबसं चालतं आणि डेटा तुटतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने कोरा, पूर्ण गोळा बाहेर येतो. सेफ्टी पिन अजिबात नको, आतली पट्टी वाकली की मग खरंच बोर्ड बदलावा लागतो. पावसाळ्यात ओलावा असतो, त्या दिवसांत पोर्ट पूर्ण सुकू द्या, तांदळात घालू नका. डेस्कटॉपवाल्यांनी पुढचा पोर्ट सोडून मागच्यात लावून बघा.

न उघडता बोर्डाचा भाव सांगणारा चुकलाच, त्याची बाजू मी घेणार नाही. पण पाकिटावर छापून काय होईल? दोन तारा टाकणारा उद्या 'डेटा केबल' छापेल. तपासणार कोण?

मालाड_वेस्ट
केबलची कटकट हवीच कशाला? विंडोजवर क्विक शेअर आहे, वायफायवरून पाठवा.

परळचा_जुना
चार फोटो असतील तर पाठवेन. ९० जीबी आमच्या चाळीतल्या राउटरवरून? साध्या केबलचा, म्हणजे यूएसबी २ चा, कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट (८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट), हातात ३०-४० मेगाबाइट पडतो. म्हणजे पाऊण तासाच्या आसपास काम होतं. आणि टाइप-सी म्हणजे वेगवानच असं समजू नका, कितीतरी सी केबली याच वेगाच्या असतात. लालबागकर, सगळं एकदम ओढू नका, एमटीपी मध्येच अडकतं. महिन्या-महिन्याचे गठ्ठे करा. कट नको, कॉपी करा, उघडून बघा, मगच फोनमधून पुसा.

लालबागकर
तसंच करतोय, २०२१ पर्यंत आलोय. आई शेजारी बसून प्रत्येक गठ्ठ्यातला एक फोटो उघडून बघते, त्याशिवाय पुसू देत नाही.

ताई, सूचनेबद्दल तुमचं मान्य, विचारलंच पाहिजे. पण भायखळादादा, 'खोटं छापतील' म्हणून छापायलाच नको, हे मला मान्य नाही. खोटं छापलं तर ग्राहक तक्रार करायला हातात कागद तरी राहील. आज त्या केबलचं पाकीट शोधून काढलं. त्यावर रंग आणि १ मीटर लांबी आहे, बाकी एक अक्षर नाही.