पहिल्या आठवड्यातील वजनघट

तिसाव्या आठवड्यात १२०० ग्रॅम वजनाने जन्मलेले बाळ पाचव्या दिवशी १०८० ग्रॅमवर आले, म्हणून दूध कमी पडत असावे, अशी शंका पालकांना येऊ शकते. एवढी, म्हणजे १० टक्के, घट मुख्यत्वे शरीरातील जादा पाणी निघून गेल्याने होते आणि जन्माचे वजन साधारणपणे दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस भरून निघते. त्यानंतर किलोमागे रोज १५ ते २० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. या बाळासाठी ती जेमतेम चार-पाच चमचे पाण्याएवढी असल्याने ओला लंगोट किंवा हाताची सलाइनची पट्टीसुद्धा आकडा फसवू शकते. (आम्हीही अशाच एका आकड्यावर उगाच खूश झालो होतो.) म्हणून आठवड्याचा कल पाहावा, आणि आठवड्याला सुमारे १ सेंमी वाढणारा डोक्याचा घेर नोंदवला जातो ना, हेही विचारावे.