इन्क्युबेटर दुपारी ४० च्या वर जायलाय, कल्चरचे रिपोर्ट द्यावेत का? मदत हवी आहे

नमस्कार. मी डीएमएलटी (लॅब टेक्निशियन), जुळे सोलापुरात आमची छोटी लॅब आहे, वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रा. कल्चरसाठी, म्हणजे सॅम्पलमधले जंतू वाढवायला लागणारा इन्क्युबेटर साधा, हीटरवाला, सेटिंग ३७. गेल्या आठवड्यापासून बाहेर ४३ आणि सकाळी मशीन व्यवस्थित असतं पण दुपारी तीनला बघावं तर डिस्प्लेवर ३९.८ आणि हीटरचा दिवा बंद! मग ग्लिसरीनच्या बाटलीत थर्मामीटर बुडवून मधल्या कप्प्यात ठेवला, काचेतून वाचला तर ४०.५. डीलरला फोन केला तर तो म्हणतो जुनं झालं, नवीन घ्या. एवढे पैसे लगेच कुठून आणायचे?

बरं नुसतं तेवढंच नाही. म्यूलर हिंटनच्या प्लेटी (जंतूंवर औषध तपासायच्या, अगार म्हणजे जेलीसारख्या थराच्या) वाळायल्यात, कडेनं अगार सुटून आत ओढल्यासारखा दिसतो. काल कंट्रोलला, म्हणजे तपासणी बरोबर येते का बघायला, ई. कोलाय एटीसीसी २५९२२ हा ठरलेला जंतू लावला, जेंटामायसिनचा झोन (औषधाभोवतीची जंतू न वाढलेली गोल जागा) २८ मिमी आला, रेंज १९ ते २६ आहे. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही, कारण याच प्लेटींवर गेल्या चार दिवसांत सहा सेन्सिटिव्हिटी (कुठलं अँटिबायोटिक चालेल ती तपासणी) केल्यात, त्या बघूनच डॉक्टर गोळ्या लिहिणार.

त्यात एक शुगरवाल्या आजी आहेत, तिसऱ्यांदा लघवीचा त्रास. मायक्रोस्कोपखाली पस सेल्स (इन्फेक्शनची खूण) भरपूर आणि कल्चर नो ग्रोथ. उष्णतेनं जंतू मेले असतील का? कुणी अनुभवी असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद :
ताई, मशीन बिघडलेलं नाही. हीटरवाला इन्क्युबेटर फक्त तापवतो, गार करायला त्यात काही नसतं, त्यामुळं खोली सेटिंगपेक्षा निदान पाच डिग्री तरी गार पाहिजे. तुमची खोलीच ३९ ला असेल तर तो काय करणार. गार करणारा हवा तर बीओडी इन्क्युबेटर घ्यावा लागतो, पण आधी मशीन एसीच्या खोलीत हलवून बघा. सेन्सिटिव्हिटीला सेटिंग ३५ ठेवा, ३५ च्या वर एमआरएसए (नेहमीच्या औषधांना न जुमानणारा जंतू) निसटू शकतो. अगार ४ मिमी जाड पाहिजे, पातळ झाला की औषध जास्त पसरतं आणि झोन मोठा येतो, म्हणजे रेझिस्टंट जंतूसुद्धा सेन्सिटिव्ह दिसेल. खाली पाण्याचा ट्रे ठेवा. एकावर एक पाचपेक्षा जास्त प्लेटी नकोत.
आजींचं म्हणाल तर ई. कोलाय ४४ डिग्रीलासुद्धा वाढतो, ४० नं मरणार नाही. त्यांनी सॅम्पल द्यायच्या आधी अँटिबायोटिक घेतलं होतं का ते विचारा, त्यानंही नो ग्रोथ येतं.

धागाकर्ती :
खूप खूप आभार दादा! आजींच्या मुलाला फोन केला, मागच्या वेळच्या उरलेल्या दोन गोळ्या त्यांनी आदल्या रात्री घेतल्या होत्या. आम्ही विचारलंच नव्हतं ओ, आता फॉर्मवरच तो प्रश्न टाकलाय. सहाही डॉक्टरांना फोन करून सांगितलं की सेन्सिटिव्हिटी परत लावतोय, एकजण चिडले, बाकीचे थांबतो म्हणाले. मशीन खाली कलेक्शनच्या एसी खोलीत आणलं, आज तीनला ३५.२ होतं. आता नवीन प्लेटी ओतून कंट्रोल परत लावलाय, उद्या सकाळी झोन मोजून इथंच टाकते.