216 क्लिओपात्राचे स्थान 203 विकला चुकते आहे, कारण सापडत नाही

मृगशीर्ष (रामबाग, इंदूर)
सर्वांना नमस्कार. गेल्या दोन रात्री गच्चीवरून 8 इंची दुर्बिणीने 216 क्लिओपात्रा या मुख्य पट्ट्यातील लघुग्रहाची प्रत्येकी 60 सेकंदांची छायाचित्रे घेतली. चित्रे एकापाठोपाठ एक पाहिली की सरकणारा ठिपका स्पष्ट दिसतो, आणि गाइआ या अवकाश दुर्बिणीच्या सूचीतील ताऱ्यांच्या आधारे मोजल्यास तो तीन तासांत 111 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) पश्चिमेकडे गेलेला आढळतो. मात्र दोन्ही रात्री मोजलेले स्थान गणिताने येणाऱ्या स्थानाच्या सुमारे 203 विकला पूर्वेला पडते. वेळ चुकली नसावी, कारण बडोद्याच्या मित्राने त्याच रात्री मोजलेला प्रकाशवक्र (तेजस्वितेतील बदलाचा आलेख) आणि माझा वक्र 5.385 तासांच्या परिवलनकाळावर घडी घालून, म्हणजे प्रत्येक फेरीची मोजमापे एकावर एक आणून, ठेवले असता एकमेकांवर बसतात. मग चूक कोठे असावी?

कृत्तिका (ग्वाल्हेर)
निरीक्षणस्थळाचे रेखांश व अक्षांश तपासून पाहावेत. माझ्याकडून एकदा रेखांशाचे चिन्हच उलटे पडले होते.

जुना निरीक्षक (इंदूर)
स्थळ चुकल्याने एवढा फरक पडणार नाही. क्लिओपात्रा पृथ्वीच्या अगदी जवळ आला तरी तो एका खगोलीय एककाहून (पृथ्वी-सूर्य सरासरी अंतराहून) अधिक अंतरावर असतो, त्यामुळे पृथ्वीच्या त्रिज्येएवढ्या स्थानबदलाचा पराशय (निरीक्षकाची जागा बदलल्याने दिसणारे सरकणे) नऊ विकलांच्या आतच राहतो.
आपलेच आकडे घ्या. तीन तासांत 111 म्हणजे ताशी 37 विकला. 203 ला 37 ने भागले की साडेपाच तास येतात, आणि भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या नेमकी तेवढीच पुढे आहे. लॅपटॉपने घड्याळातली वेळ जागतिक वेळ म्हणून चित्रांवर नोंदवली असणार. गणिताने लघुग्रह साडेपाच तास पुढे, म्हणजे पश्चिमेला नेला, आणि आपला ठिपका मागे, पूर्वेला राहिला. (पूर्वी उज्जैनची मध्यरेषा प्रमाण होती, ती टिकली असती तर इंदूरकरांचा हा घोटाळा झालाच नसता.)
राहिला प्रकाशवक्र. क्लिओपात्रा हाडासारख्या लांबट आकाराचा असल्यामुळे त्याची प्रत (तेजस्विता) परिवलनाबरोबर ठळकपणे बदलते आणि हौशी निरीक्षकालाही वक्र चांगला मिळतो. परंतु त्याचा परिवलनकाळ 5 तास 23 मिनिटे आहे. साडेपाच तासांची चूक म्हणजे जवळजवळ पूर्ण एक फेरी. घडी घातल्यावर त्यातली सातच मिनिटे शिल्लक राहतात, आणि ती आलेखावरील ठिपक्यांच्या विखुरणीत सहज लपतात. दुसरा एखादा लघुग्रह निवडला असता तर आपल्याला पहिल्याच रात्री शंका आली असती.

मृगशीर्ष
अगदी तेच निघाले. माझा वक्र मित्राच्या वक्राहून सहा-सात मिनिटे उशिरा येत होता, आणि मी तो मोजमापातील दोष समजून सोडून दिला होता. वेळ दुरुस्त केल्यावर स्थान जुळले, तरी आता 0.3 विकला फरक उरतो आणि तोही पश्चिमेकडे. हवेच्या थरथरीमुळे असेल काय?

जुना निरीक्षक
थरथरीमुळे येणारा फरक दर चित्रात वेगळ्या दिशेला गेला असता. नोंदलेली वेळ शटर उघडण्याची आहे. मोजलेले स्थान मात्र 60 सेकंदांच्या मध्याचे असते. तीस सेकंद मिळवून पाहा.